‘सर्व कामे येणारा पाहिजे’ ही जाहिरात मी बंद केली, त्याचा अनुभव

मिरजेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट. लॅब सुरू करून बारा-तेरा वर्षं झाली. मशीनं कशी निवडायची, क्यूसी (मशीन बरोबर आकडे देतं का याची तपासणी) कसा लावायचा हे शिकवणारे भेटले. माणसं कशी ठेवायची हे मात्र कुणी शिकवलं नाही. गेल्या दोन वर्षांत मी ते धडपडत शिकले. माझ्यासारखा छोटा दवाखाना, लॅब, मेडिकल किंवा दुकान चालवणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे.

१२ मार्च २०२३, रविवार. रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : ‘मॅडम उद्यापासून येणार नाही. सॉरी.’ अकरा महिन्यांत सोडून गेलेली ही तिसरी टेक्निशियन. सोमवारी सकाळी साडेसहाला शटर उघडलं तर दारात उपाशीपोटी आलेले नऊ पेशंट. रक्त घ्यायला मी बसले, आमचे सिनियर टेक्निशियन (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) मशीन सुरू करायला आत गेले. फोन वाजत होता, बिलाला माणूस नव्हता. साडेआठला बघते तर स्टँडमध्ये करड्या टोपणाच्या, म्हणजे शुगरच्या, दोन नळ्या लेबलाशिवाय उभ्या. कुठली कुणाची, सांगता येईना. दोन्ही टाकून दिल्या आणि दोन्ही पेशंटना परत बोलावलं. एक मिरजेतलेच होते. दुसऱ्या एक आजी होत्या, कुडचीहून पहाटे निघून आलेल्या. त्या तोवर परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी आल्या. त्यांना येण्या-जाण्याचं भाडं दिलं, माफी मागितली. ‘असू दे बाई,’ म्हणाल्या. पण सुई टोचताना त्यांचा हात पुन्हा हातात घेतला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री आधीची जाहिरात काढून वाचली. ‘पाहिजे : डीएमएलटी, अनुभवी, मेहनती, सर्व कामे येणारा/येणारी. संगणक ज्ञान व दुचाकी आवश्यक. पगार योग्यतेनुसार.’ (डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा.) तीन वर्षं मी हीच जाहिरात फिरवत होते. या कामासाठी मी स्वतः कुठे अर्ज केला असता का, असं मनाला विचारलं. उत्तर नाही असंच आलं.

मैत्रिणींना, इतर लॅबवाल्यांना विचारलं. बहुतेकांचं म्हणणं एकच : आजकालची मुलं टिकत नाहीत, पगार वाढव नाहीतर मूळ सर्टिफिकेट ठेवून घे. पगार मी आदल्या वर्षी दोन हजारांनी वाढवला होता, त्याने तीन महिन्यांपलीकडे फरक पडला नव्हता. आणि सर्टिफिकेट, हे लिहायला जड जातं, पण लिहिते. मी ती ठेवूनच घेत होते. सगळे ठेवतात म्हणून. सोडून गेलेल्या मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिका आणि डीएमएलटीचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात होतं. ते मागायचीही तिला भीती वाटली असेल, म्हणून मेसेज करून गेली.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, मी तिला फोन केला. म्हटलं, तुझे कागद घरी आणून देते, आणि राग नाही, फक्त का सोडलंस ते सांग. ती आरग गावची. घरी गेले तर आईने चहा ठेवला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, काम जड नव्हतं ओ. सुटणार कधी ते कळायचं न्हाई.’

आमच्या कामाची वेळ सकाळी सात ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ अशी होती. कागदावर साडेनऊ तास. मिरजेत राहणाऱ्याला दुपारी घरी जाऊन पाठ टेकता येते. आरगच्या मुलीने एक ते पाच जायचं कुठे? ती रोज कलेक्शन रूममधल्या गोल स्टुलावर बसून असायची. डबा तिथेच खायची, पंखा तिथेच. आणि ती बसलेली दिसते म्हणून जेवणानंतरच्या शुगरला आलेला पेशंट तिच्याकडेच जायचा. जेवणानंतर दोन तासांनी रक्त घ्यायचं असतं, त्यामुळे अकरा ते तीन कधीही कुणीतरी येतंच. म्हणजे तिची सुट्टी ही सुट्टी नव्हतीच. संध्याकाळी एखादा रिपोर्ट अडकला की साडेआठचे नऊ व्हायचे, गाडी चुकायची आणि भावाला मोटरसायकल घेऊन यावं लागायचं. भाऊ कटकट करायचा. शेवटी घरच्यांनीच सांगितलं, बास.

तो स्टूल मी तीन वर्षं रोज बघत होते.

पुढच्या आठवड्यात आधी सोडून गेलेल्या आणखी पाच जणांना फोन केले. चौघे बोलले. एकाला घरोघरी रक्त घ्यायला जाताना पेट्रोल स्वतःच्या खिशातून पडायचं, मागायला लाज वाटायची. एकीला काउंटरवर कन्नड येत नाही म्हणून रोज बोलणी खावी लागायची. कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, उगार या भागातून आमच्याकडे खूप पेशंट येतात, ही गोष्ट नोकरी देताना मी तिला सांगितलीच नव्हती. पगाराबद्दल चौघांपैकी एकच बोलला. ज्यांना हे करायचं आहे त्यांना माझं सांगणं : सोडून गेलेल्यांना फोन करायचा तर महिनाभराच्या आत करा, आणि परत बोलवायच्या हेतूने करू नका. तसा वास आला की माणूस गोड बोलतो आणि फोन ठेवतो.

३ एप्रिलपासून १६ एप्रिलपर्यंत, चौदा दिवस, एक काम केलं. दोनशे पानी वही घेतली, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखल्या आणि कोण काय करतंय ते लिहित गेले. कुणावर नजर ठेवतेय असं वाटू नये म्हणून पहिल्या पानावर हेतू लिहिला आणि वही उघडी ठेवली. चौथ्या दिवसापासून मावशी, आमच्या साफसफाईच्या, स्वतःहून सांगू लागल्या, ‘हे पण लिवा, मी आत्ता कुरिअरला डबा देऊन आले.’ नमुन्यांचा डबा कुरिअरला देणं हे कुणाचं काम, हे कुठेच ठरलेलं नव्हतं.

वहीत सगळ्यात जास्त दिसलं ते उठणं. टेक्निशियन सूक्ष्मदर्शकावर स्लाइड बघायला बसते, फोन वाजतो, ‘रिपोर्ट आला का?’, उठते, बघते, सांगते, परत बसते आणि पेशी पहिल्यापासून मोजते. एका सकाळी, आठ ते अकरामध्ये, ती सोळा वेळा उठली. मी मोजलं. त्याच आठवड्यात गुठळी झालेले किंवा घाईने ओढल्यामुळे रक्तपेशी फुटलेले नमुने परत घ्यावे लागले ते वेगळेच. म्हणजे मी एक नोकरी समजत होते त्या चार होत्या. घरी जाऊन नमुने आणणं, बेंचवर, म्हणजे आत मशीनपाशी, तपासणी करणं, काउंटर सांभाळणं आणि संध्याकाळी रिपोर्ट पोहोचवणं. प्रत्येकाला वेगळा स्वभाव लागतो. ज्याला मशीनशी एकचित्ताने काम करायला आवडतं त्याला काउंटरवर वीस माणसं अंगावर आली की नकोसं होतं. आणि जो माणसांत रमतो तो बेंचवर कंटाळतो.

मग कामाचं वर्णन लिहायला बसले. पहिला प्रयत्न इंटरनेटवरून उतरवलेला, दोन पानी. अण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून सावकाश वाचला आणि म्हणाले, ‘मॅडम, यात टीम स्पिरिट आहे, जबाबदारीची जाणीव आहे. पण सेल काउंटर अडकला तर फोन कुणी करायचा आणि तोवर पेशंटला काय सांगायचं, ते कुठाय?’ (सेल काउंटर म्हणजे रक्तपेशी मोजायचं मशीन.) ती पानं बाजूला ठेवली. दुसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून, दिवसाच्या घड्याळावरून लिहिलं. साडेसातला काय, आठला काय. कुठला निर्णय स्वतः घ्यायचा (नमुना फुटलेला असेल तर नाकारायचा, मला विचारायची गरज नाही) आणि कुठला नाही (हिमोग्लोबिन धोकादायक कमी आलं तर आधी मला फोन, मग डॉक्टरांना). काय करायचं नाही, हेही लिहिलं. आणि शेवटी ‘या कामातलं अवघड’ असा एक मोठा परिच्छेद. तो परिच्छेद लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझ्या मते कागदावरचं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

मे महिन्यात कामगार कायद्याचं बघणाऱ्या सल्लागारांकडे गेले. तोवर आमच्याकडे आठ जण होते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे पूर्ण लागू होता. दहाहून कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. कामं वेगळी केली तर अर्धवेळ धरून आमचे अकरा होणार होते. सल्लागारांनी कलमं समजावून सांगितली. तेव्हाचा नियम असा होता : दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आणि मधली सुट्टी धरून कामाचा पसारा एरवी साडेदहा तासांहून जास्त नको. आमचा सात ते साडेआठ, म्हणजे साडेतेरा तास! शिवाय सकाळी सातच्या आधी स्त्री कर्मचाऱ्याला कामावर बोलवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय हवी. मी सव्वासहाला मुलींना स्कूटीवर पाठवत होते. आठ जण असताना ही कलमं आम्हाला बंधनकारक नव्हती, पण आरगच्या मुलीने जे सांगितलं तेच कायद्यात लिहिलेलं होतं. आधी वाचलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

सुट्ट्यांचंही त्यातच कळलं : आठ किरकोळ रजा, आठ पगारी सणाच्या सुट्ट्या (त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकी चार आपापसात ठरवायच्या), आणि वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा. ठरवायच्या चार सुट्ट्या मी सगळ्यांना एकत्र बसवून ठरवल्या. त्यात मिरजेचा उरूस आला, मला तो सुचला नसता. कायदा बदलत असतो, तेव्हा तुमच्या वेळचा नियम विचारूनच घ्या.

ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, नोंदणीही तेव्हाच करायचं ठरलं. ही प्रक्रिया ऑनलाइन आहे, तरी मला पंधरा दिवस लागले. पॅन, लॅबचे कागद, बँकेचा चेक, सगळ्यांचे आधार आणि घरच्यांचे फोटो. फोटो जमवण्यातच आठ दिवस गेले. ज्यांना आईवडिलांची नावं घालायची त्यांनी तेव्हाच घालून घ्यावीत, नंतर हेलपाटे पडतात. आस्थापनेला सतरा आकडी कोड मिळतो, प्रत्येक माणसाला दहा आकडी नंबर. पगाराची मर्यादा एकवीस हजार. कर्मचाऱ्याचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचे. सोळा हजार पगारावर मुलीचे १२० कापले जातात, माझे ५२० जातात. बदल्यात तिला आणि घरच्यांना उपचार, आजारपणात काही दिवस पगाराच्या सत्तर टक्के, आणि बाळंतपणात सव्वीस आठवड्यांचा लाभ. हे मी प्रत्येकाला कागदावर काढून दाखवते, कारण नुसतं ‘ईएसआयसी आहे’ म्हटलं की पैसे कापतात एवढंच लक्षात राहतं. त्याच एप्रिलपासून राज्यात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांचा व्यवसाय कर माफ झाला होता, तेवढी भर पडली. सल्लागारांची फी साडेसहा हजार झाली.

आता पैशाचं. नव्या रचनेत पगारांचा खर्च महिन्याला एकोणीस हजारांनी वाढत होता. दोन रात्री झोप लागली नाही. घरच्यांनी विचारलं, ‘परवडेल का?’ मला खरंच माहीत नव्हतं. मग वहीवरून हिशेब केला. सांगलीपर्यंत घरी जाऊन नमुने आणायची सेवा पेट्रोल आणि वेळ धरता तोट्यात होती, ती बंद केली, फक्त मिरज ठेवली. रविवार संध्याकाळ बंद केली. रात्रीची वेळ साडेआठवरून आठवर आणली. परत घ्यावे लागणारे नमुने कमी झाले तर काही वाचेल असं धरलं. तरी सात-आठ हजारांचा खड्डा राहत होता. तो वर्षभर स्वतःच्या मिळकतीतून भरायचा असं ठरवलं.

२२ मेला नवी जाहिरात लिहिली :

‘मिरज येथील पॅथॉलॉजी लॅबसाठी बेंच टेक्निशियन, एक जागा. डीएमएलटी. वेळ सकाळी ७.३० ते दुपारी ४, मध्ये अर्धा तास जेवण. मशीनवर तपासण्या, स्लाइड, क्यूसी. फोन, बिलिंग व घरी जाऊन रक्त घेणे नाही. लघवी-शौचाचे नमुने हाताळावे लागतात. सोमवारी फार गर्दी असते. महिन्यातून एक रविवार सकाळी यावे लागेल, बदली सुट्टी मिळेल. पगार १६,०००, ईएसआयसी कापून हातात १५,८८०. पीएफ नाही. मूळ सर्टिफिकेट बघून लगेच परत. ठरवण्याआधी एक सकाळ येऊन काम बघा, त्याचे ५०० रुपये मिळतील.’

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, शब्दावर पैसे आहेत, आणि शौचाचं वगैरे कशाला लिहिताय?’ पेपरात मग चार ओळीच दिल्या, अठराशे रुपये गेले. पूर्ण मजकूर डीएमएलटी शिकवणाऱ्या दोन कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लावला, फुकट. खरे फोन तिथूनच आले. काउंटरच्या जागेसाठी वेगळी जाहिरात केली, त्यात कन्नड बोलता येणं आवश्यक आणि त्याचे महिन्याला पंधराशे जास्त असं स्पष्ट लिहिलं. घरोघरी नमुने आणायचं काम सकाळी सात ते अकरा, अर्धवेळ, मिरज शहरापुरतं, दिवसाला जास्तीत जास्त आठ घरं, पेट्रोल किलोमीटरवर.

आधीच्या जाहिरातीला तीसेक फोन यायचे. या वेळी अकरा. काळजी वाटली. पण अकरा जणांचे प्रश्न वेगळे होते. जुन्या जाहिरातीला पहिला प्रश्न ‘पगार किती?’ असायचा. आता एकीने विचारलं, ‘क्यूसी रोज लावता का?’ हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो लॅबवाल्यांनाच कळेल.

पाच जण सकाळ बघायला आले. मी मुद्दाम सोमवारच दिला. सोमवारी लहान मुलं रडतात, उपाशी पेशंट चिडतात, नमुन्यांच्या खोलीला वास असतो. एका मुलाने दहा वाजता येऊन सांगितलं, ‘मॅडम, मला हे शौचाचं जमणार नाही.’ त्याला पाचशे दिले आणि मनापासून आभार मानले. पूर्वी हाच मुलगा महिनाभर थांबून गेला असता. आणखी एकजण परत आली नाही. उरलेल्या तिघांतली एक मुलगी म्हैसाळची. तिच्याबरोबर वडील आले होते, शेतकरी. काउंटरजवळ बसून त्यांनी सगळी सकाळ पाहिली आणि शेवटी दोनच गोष्टी विचारल्या.

‘संध्याकाळी किती वाजता सोडणार?’

मी कागद पुढे केला. चार वाजता. चारच्या पुढे थांबायला लागलं तर दुप्पट दराने पैसे, आणि साडेचारनंतर थांबवायचं नाही.

‘आन् पीएफ?’

नाही, म्हटलं. तो वीस किंवा जास्त माणसं असली की सक्तीचा आहे, आम्ही अकराच आहोत. झालाच तर लिहून कळवेन. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ‘नसंल तर नसंल. सांगितलं ते बरं केलं.’

१२ जून २०२३ ला ती रुजू झाली. त्याच आठवड्यात काउंटरवर उगारकडची एक विवाहित मुलगी, आता मिरजेत राहणारी. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तिने विचारलं, ‘ऊट आयता?’ जेवण झालं का, एवढंच. त्याने मान हलवली, आयतु. उपाशीपोटीच्या शुगरला आलेला माणूस चहा-भाकरी खाऊन आला होता, आणि हे आम्हाला सुई टोचायच्या आधी कळलं. मराठीत विचारलं असतं तर त्याने नुसतं हो-हो केलं असतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जुलैच्या शेवटी डेंग्यू वाढला. प्लेटलेटसाठी रोज तेच पेशंट, वर एनएस-१ च्या (डेंग्यू ओळखायच्या) तपासण्या, दुपारी चारपर्यंत रांग. आणि आम्ही परत होतो तिथेच आलो. बेंचवरची मुलगी फोन घ्यायला उठू लागली, मी तिला साडेपाचपर्यंत थांबवलं, तेही तीन दिवस सलग. चौथ्या दिवशी तिने तो कागद पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवला. काही बोलली नाही. माझ्या सहीखाली ‘साडेचारनंतर नाही’ असं लिहिलेलं होतं.

मी रागावले नाही, पण लागलं. चूक माझीच होती : कागद मी साध्या दिवसांचा लिहिला होता. लॅबला पावसाळाही असतो. त्या रविवारी सगळे बसलो आणि जुलै ते ऑक्टोबरसाठी वेगळं पान लिहिलं. या चार महिन्यांत दुपारी बारा ते सहा एक तात्पुरता मदतनीस, जास्तीचे तास कुणाचे ते आठवड्याआधी ठरवायचं, पैसे त्याच महिन्यात. कुणीही हे करणार असेल तर आपल्या धंद्याचा मोसम आधी बघा. मिठाईवाल्याची दिवाळी, वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा जून, शेती-औषधांच्या दुकानाचा खरीप. सरासरी दिवसावर बेतलेलं काम तिथे पहिल्यांदा फाटतं.

दुसरा धडा संध्याकाळच्या टेक्निशियनने दिला. हुशार मुलगा, पाच आठवड्यांत पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये गेला. या वेळी मेसेज नाही, समोर येऊन सांगितलं, पंधरा दिवस आधी. विचारलं तर म्हणाला, ‘इथं दोन वर्षांनी मी काय करत असेन, तेच माहीत नाही.’ कागदात आज होता, पुढचं वर्ष नव्हतं. मग अण्णांबरोबर पायऱ्या लिहिल्या. एक वर्षानंतर हार्मोनच्या मशीनचं प्रशिक्षण, त्यानंतर कल्चरचं (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचं) काम, पगारात किती फरक ते आकड्यात. जे आमच्याकडे होणं शक्य नाही तेही लिहिलं : छोट्या लॅबमध्ये मॅनेजरची जागा नाही, ती अण्णांची आहे. कुणाला मोठ्या शहरात जायचं असेल तर एक महिना आधी सांगा, अनुभवाचा दाखला आणि शिफारस मी देईन. त्यानंतर दोघं गेली, दोघांनीही महिनाभर आधी सांगितलं आणि नव्या माणसाला शिकवून गेली.

मावशींचंही काम आम्ही लिहून काढलं, ते राहून जाणार होतं. पिवळी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा, वजन, बारकोड, गाडी कधी येते. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कचरा ठेवायचा नसतो. हे सगळं त्या कित्येक वर्षं करत होत्या आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘झाडू’ लिहिलेलं होतं. आता ‘जैववैद्यकीय कचरा व स्वच्छता’ लिहिलं आहे, पगारही त्याप्रमाणे झाला. सुया कुणी चुकीच्या पिशवीत टाकल्या तर टेक्निशियनला अडवायचा अधिकार कागदाने त्यांना दिला. पहिल्यांदा त्यांनी अडवलं ते मलाच.

वर्षाअखेरीस पाहिलं तर खड्डा माझ्या अंदाजाएवढाच होता, मार्च २०२४ पर्यंत महिन्याला सातेक हजार. त्यानंतर कमी होत गेला. परत घ्यावे लागणारे नमुने चांगलेच घटले, आणि दर तीन महिन्यांनी नवा माणूस शिकवण्यात अण्णांचा जो वेळ जायचा तो सुटला. फोन मात्र अजून तितकेच येतात, ते कमी करायला मला जमलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे लसीची नोंदवही आहे. रक्ताशी काम करणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस द्यावी लागते : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मागच्या वर्षांची पानं उघडली की पहिला रकाना भरलेला, दुसरा अर्धामुर्धा आणि तिसरा, अण्णा आणि मावशी सोडले तर, कोरा. सहा महिने कुणी थांबतच नव्हतं. १२ डिसेंबर २०२३ ला म्हैसाळच्या मुलीचा तिसरा डोस होता. तिनेच आठवण केली. मी इंजेक्शन दिलं, तिने दंड चोळत वही पुढे ओढली आणि तिसऱ्या रकान्यात स्वतः तारीख घातली.

हे लिहिताना, जानेवारी २०२५ मध्ये, कामावर असलेल्यांपैकी त्या रकान्यात एकच जागा रिकामी आहे. संध्याकाळच्या नव्या मुलाची. त्याची तारीख ११ मार्च आहे.